रंगविलेल्या मुखांचा कैवार

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस सांगलीस घडलेली एक लहानशी गोष्ट आम्ही आधीं सांगतों; कारण पुढील सारा वाद तिच्यापासूनच निघाला. आमचा भाचा व त्याचे तीन सोबती अभियांत्रिकीचें शिक्षण घेत आहेत. एक गिटार, एक बेस गिटार, एक ड्रमचा संच आणि एकाचा बऱ्यापैकीं चढा गळा, एवढ्या भांडवलावर त्यांनीं आपला बँड उभा केला आहे. अमेरिकेंत १९८० नंतरच्या दशकांत 'ग्लॅम मेटल' या नांवानें जें संगीत गाजलें, त्याचे हे चौघे भक्त. या संगीताचें बाह्य लक्षण असें कीं, त्यांतले पुरुष केंस खांद्याखालीं वाढवितात, डोळ्यांत काजळ घालतात, ओठ व गाल रंगवितात, आणि झगमगीत, तंग व पुष्कळदां बायकी दिसेल असा पोशाख करतात. आमच्या मुलांची मजल केंस आणि काजळ यांपलीकडे गेलेली नाहीं. त्यांस एका रविवारीं संध्याकाळीं चारचौघांसमोर वाजवावयाचें होतें. रीतसर अर्ज, अनामत रक्कम आणि जबाबदार वडील माणूस म्हणून आम्ही, असा सर्व सरंजाम घेऊन ते एका सभागृहाच्या कचेरींत गेले.

व्यवस्थापकांनीं अर्ज वाचला, मुलांच्या केंसांकडे पाहिलें, आणि सौम्य पण ठाम शब्दांत सांगितलें, "पुरुषांनीं बायकी सोंगें घेऊन धिंगाणा घालावा अशी ही जागा नव्हे. या वास्तूला कांहीं परंपरा आहे."

हें ते बोलत होते तेव्हां त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर एक मोठी तसबीर होती आणि तिला ताज्या फुलांचा हार होता. भरजरी शालू, नाकांत नथ, केंसांत गजरा, मान किंचित् कललेली, अशी एक रूपवती त्या तसबिरींतून आम्हांकडे पाहत होती. ती रूपवती म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात् बालगंधर्व!

पायऱ्या उतरतांना भाचा एवढेंच म्हणाला, "मामा, तसबीर आवाज करत नाहीं, म्हणून तिला जागा मिळाली."

साताऱ्यास परत आल्यावर आम्हीं ही हकीकत आमच्या नेहमींच्या बैठकींत सांगितली. हशा पिकेल अशी अपेक्षा होती. पण मंडळी गंभीर झाली, आणि एकमतानें व्यवस्थापकांच्या बाजूची निघाली. हे सर्व गृहस्थ सुशिक्षित आहेत. नाट्यगीतांच्या जुन्या तबकड्या त्यांच्या घरीं जपून ठेवलेल्या आहेत. बालगंधर्वांचें नांव निघतांच त्यांचे डोळे पाणावतात. त्यांचे आक्षेप तीन होते. पहिला असा कीं, आपल्या नटांनीं स्त्रीवेष घेतला तो भूमिकेपुरता व नाइलाजानें. या परदेशी गवयांचा नट्टापट्टा हा निव्वळ नखरा आहे. दुसरा असा कीं, जेथें नट्टापट्टा फार तेथें विद्या थोडी. आणि तिसरा असा कीं, या झगमगाटाच्या पोटांत पैशाची उधळपट्टी, व्यसन व हीन अभिरुची यांवांचून दुसरें कांहीं नसतें. हीं मतें केवळ आमच्या मित्रांचीं असतीं तर आम्हीं तीं बैठकींतच सोडून दिलीं असतीं. पण अनेक सुसंस्कृत घरांत तीं निःशंकपणें बाळगलीं जातात, आणि त्यांच्या जोरावर तरुणांच्या तोंडावर दारें लावलीं जातात. म्हणून त्यांचा जाहीर परामर्श घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

आधीं स्थळाविषयीं दोन शब्द. सातारा आणि सांगली हीं आज दोन जिल्ह्यांचीं ठाणीं आहेत. पण जुन्या साताऱ्याचे दक्षिणेकडील तालुके आणि विलीन झालेलीं संस्थानें मिळून १९४९ सालीं जो दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्यालाच १९६० पासून सांगली हें नांव मिळालें. कृष्णेचें पाणी दोहोंस एकच, आणि कलेचा वाण व कलेचें सोवळें हींही दोहोंस एकच. ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं विष्णुदास भाव्यांनीं सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानें 'सीतास्वयंवर' उभें केलें. ती तारीख मराठी रंगभूमीचा दिवस म्हणून आज सर्व महाराष्ट्र पाळतो. 'शारदा' लिहिणारे देवल सांगलीशेजारच्या हरिपूरचे, 'मानापमान' लिहिणारे खाडिलकर प्रत्यक्ष सांगलीचे, आणि त्या 'मानापमाना'ची भामिनी, म्हणजे बालगंधर्व, १८८८ सालीं जन्मले तें कृष्णाकांठच्या नागठाण्यास. रंगवलेल्या पुरुषी मुखांवर ज्या मुलखाची कीर्ति उभी आहे, त्याच मुलखांत रंगवलेलें मुख हा आतां अपात्रतेचा पुरावा ठरावा, यापेक्षां मोठा विनोद देवलांसही सुचला नसता.

आतां पहिला आक्षेप. स्त्रिया रंगभूमीवर येत नव्हत्या म्हणून पुरुषांनीं त्यांचीं कामें केलीं, हें आरंभापुरतें खरें आहे. पण नाइलाज संपला कीं नाइलाजानें केलेली गोष्टही संपते. येथें तसें घडलें का? मिरजेपुरतें पाहिलें तरी पुरे. १९०५ या एकाच सालीं मिरजेंत दोन गोष्टी घडल्या. तरुण नारायणराव किर्लोस्कर मंडळींत शकुंतला होऊन प्रथम उभे राहिले, आणि खांसाहेब अब्दुल करीम खां यांच्या पोटीं हिराबाई बडोदेकर जन्मास आल्या. याच हिराबाईंनीं १९२९ सालीं आपली नाटकमंडळी काढून स्त्रियांचीं कामें स्त्रियांकडून करविलीं. म्हणजे नाइलाज तेव्हांच सरला होता. तरी प्रेक्षकांनीं नारायणरावांच्या अंगावरचा शालू उतरूं दिला नाहीं. १९३५ सालीं प्रभात कंपनीच्या 'धर्मात्मा' या चित्रपटांत ते संत एकनाथ झाले. पण शालूंतल्या बालगंधर्वांची लोकांच्या मनांतली जागा पुरुषवेषांतल्या बालगंधर्वांस घेतां आली नाहीं, आणि पुढें वय उतरणीस लागल्यावरही ते स्त्रीभूमिकांकडेच वळले. याला नाइलाज कोण म्हणेल? हा लोकांचा आवडीचा सोहळा होता.

आणि तो भूमिकेपुरता तरी कोठें राहिला? रुक्मिणी शालू कसा नेसते, पदर कसा घेते, गजरा कसा माळते, हें पाहून आमच्या आज्यापणज्या घरीं तसें नेसूं व माळूं लागल्या. पुरुषानें स्त्रियांस स्त्रीचा शृंगार शिकवावा, ही गोष्ट जगांत कोठें घडली असेल तर ती आपल्याकडे घडली; आणि ती सभ्य घरांत, सासूसासऱ्यांच्या देखत, लोकमान्यांच्या काळांत घडली. 'बालगंधर्व' ही पदवी लोकमान्यांचीच, असें परंपरा सांगते. तेव्हां 'आमचा तो अभिनय आणि तुमचा तो नखरा' ही वांटणी पुराव्यावर टिकत नाहीं. नखरा हा शब्दच जर निंदेचा धरावयाचा, तर त्याचे आद्यपीठ कृष्णाकांठींच दाखवावें लागेल.

दुसऱ्या आक्षेपाकडे वळण्यापूर्वीं ज्या परदेशी संगीतावर तो घेतला जातो त्याची थोडी ओळख करून देणें न्याय्य होईल. कारण आमच्या मित्रांपैकीं एकानेंही तें ऐकलेलें नव्हतें. चेहरा रंगवून रॉक गाण्याची ही तऱ्हा एकाएकीं उपजलेली नाहीं. १९७० नंतर इंग्लंडांत मार्क बोलन व डेव्हिड बोवी यांनीं ती रूढ केली. न्यूयॉर्क डॉल्स या अमेरिकन बँडनें १९७३ च्या आपल्या पहिल्या अल्बमवर स्त्रियांसारखा साज करून छायाचित्र काढून घेतलें. १९८१ सालीं अमेरिकेंत गाण्यांचीं चित्रें अहोरात्र दाखविणारी एम्‌टीव्ही ही वाहिनी निघाली, आणि कानाइतकाच डोळाही गाण्याचा गिऱ्हाईक झाला. १९८३ सालीं क्वायट रायट यांचा 'मेटल हेल्थ' हा हेवी मेटलचा पहिला अल्बम तेथील विक्रीच्या यादींत अग्रस्थानीं गेला, आणि लॉस एंजेलिसच्या सन्‌सेट स्ट्रिपवर रंगीत मुखांच्या तरुणांची जत्रा भरली. त्या जत्रेंत पेनसिल्व्हेनियांतील मेकॅनिक्सबर्ग या लहानशा गांवाहून आलेले चौघे होते. त्यांच्या बँडचें नांव पॉयझन. १९८६ सालीं 'लुक व्हॉट द कॅट ड्रॅग्ड इन' हा त्यांचा पहिला अल्बम निघाला. त्याच्या मुखपृष्ठावर चार चेहरे आहेत, इतके गोरेगोमटे व रंगविलेले कीं, अजाण माणसानें त्यांस चार भगिनी समजावें. अल्बम प्रचंड खपला. समीक्षकांनीं त्याची टर उडविली. मुलामुलींनीं तो डोक्यावर घेतला. पुढें या साऱ्या पंथालाच टीकाकारांनीं 'हेअर मेटल', म्हणजे केंसांचें संगीत, असें हिणकस नांव ठेविलें. गाण्याचें नांव गळ्यावरून वा वाद्यावरून न ठेवतां केंसांवरून ठेवावें, यांतच टीकाकारांनीं आपलें लक्ष कोठें होतें तें कबूल केलें आहे.

जेथें साज फार तेथें विद्या थोडी, हा सिद्धांत आम्ही आमच्या मित्रांच्याच दैवतावर लावून पाहतों. गंधर्व नाटक मंडळी १९१३ सालीं निघाली. तिच्या पडद्यांचा, शालूंचा, अत्तरांचा थाट सर्वश्रुत आहे. पण त्या थाटाच्या पायाशीं कोण बसलें होतें? तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष. 'स्वयंवरा'च्या पदांस १९१६ सालीं चाली दिल्या त्या भास्करबुवा बखल्यांनीं. यमन, भीमपलास, बिहाग यांसारखे राग सामान्य प्रेक्षकांच्या ओठीं आणून सोडले ते त्या चालींनीं. आणि स्वतः नारायणराव? १९११ च्या मार्च महिन्यांत 'मानापमाना'चा पहिला प्रयोग झाला, त्याच दिवशीं त्यांची तान्ही मुलगी वारली. तरी प्रयोग झाला, आणि भामिनीच्या मुखावरचा रंग ओघळला नाहीं. ज्यांस तो रंग म्हणजे केवळ नखरा वाटतो, त्यांनीं त्या रात्रीचा विचार करावा. आठ वर्षांनीं हेच गायक 'एकच प्याल्या'ची सिंधू होऊन फाटक्या लुगड्यांत उभे राहिले आणि भरजरी शालूची संवय लागलेल्या प्रेक्षकांस त्यांनीं रडविलें. शालू काढल्यावर उरतें तें गाणें. तें उरलें, म्हणून शालूही शोभला.

तोच न्याय तिकडे लावूं. इंग्लंडांतील शेफील्डचा डेफ लेपर्ड हा बँड याच पंथांत गणला जातो. त्याचा ड्रमवादक रिक ॲलन यानें १९८४ च्या शेवटच्या दिवशीं मोटारीच्या अपघातांत डावा हात गमावला. त्यानें वाजविणें सोडलें नाहीं. डाव्या हाताचें काम पायांकडे देऊन, त्यासाठीं निराळे पॅडल बनवून घेऊन, तो आपली विद्या पहिल्यापासून शिकला. आणि १९८७ सालीं निघालेल्या 'हिस्टेरिया' या त्यांच्या सर्वांत गाजलेल्या अल्बममध्यें ताल त्याचा आहे. एका हातानें ताल धरणाऱ्या या माणसास 'केंसांचा कलावंत' म्हणण्यापूर्वीं आमच्या मित्रांनीं दोन्ही हातांनीं तीनताल नीट धरून दाखवावा, एवढीच आमची नम्र विनंती आहे.

आणि ज्या 'मानापमाना'वर सांगली अभिमानानें हक्क सांगते, त्या नाटकाचा विषय तरी काय? श्रीमंताची लेक भामिनी धैर्यधराचा अव्हेर करते, कारण तो धनवान् नाहीं. आणि मग तीच वनमाला नांवाच्या गरीब मुलीचा वेष घेऊन त्याची योग्यता ओळखते. पोशाखावरून माणसाची किंमत करणाऱ्याची फजिती, हेंच त्या नाटकाचें सार. तें नाटक शतकाहून अधिक काळ पाहून, त्यांतलीं पदें मुखोद्गत करून, शेवटीं आम्ही शिकलों काय, तर मुलांच्या केंसांची लांबी मोजून अर्ज नामंजूर करावयास!

तिसरा आक्षेप बळकट आहे, आणि त्यास बगल देऊन वाद जिंकण्याची आमची इच्छा नाहीं. उधळपट्टी होती. गंधर्व मंडळी थाटामुळें कर्जाच्या खाईंत गेली, एकदां फेडून वर आली आणि पुन्हां अडचणींत सांपडली. 'वन्स मोअर'च्या आरोळ्यांनीं नाटकाचा गळा आवळला आणि कथानक बाजूला राहून पहांटेपर्यंत नुसता जलसा चालूं लागला, हाही आरोप खोटा नव्हे. ग्लॅम मेटलचा हिशेब तर याहून वाईट आहे. दारू व अमली पदार्थ यांनीं त्यांतले कित्येक तरुण पोखरले गेले. कित्येक गीतांत आणि चित्रांत स्त्री ही केवळ शोभेची वस्तु आहे, आणि हें आम्हांस अत्यंत किळसवाणें वाटतें. स्वतः स्त्रीचें काजळ उसनें घ्यावयाचें आणि स्त्रीला मात्र मान द्यावयाचा नाहीं, हा या पंथाचा सर्वांत मोठा दोष होय. शिवाय एका बँडला यश मिळालें कीं तसेच केंस, तशाच आरोळ्या, तसेंच एखादें संथ हळवें गीत, अशा नकलांचा कंपन्यांनीं बाजार मांडला. १९९१ सालीं निर्वाणा यांचा 'नेव्हरमाइंड' निघाला, आणि चौकड्यांचे जुने सदरे घालणाऱ्या त्या तिघांनीं हा सारा बाजार दोनतीन वर्षांत उठविला. लोक नकलेला विटले होते. आम्हीही विटलों असतों.

पण या कबुलीनें आमच्या मित्रांचें मत सिद्ध होतें काय? मुळींच नाहीं. निर्वाणाच्या मागोमाग तो चौकड्यांचा सदराच मोठमोठ्या दुकानांतून चढ्या भावानें विकला जाऊं लागला. म्हणजे साधेपणाचाही पोशाख होतो, आणि त्या पोशाखाच्याही नकला निघतात. दोष नकलेचा आहे, रंगाचा नव्हे. व्यसनाचा संबंध काजळाशीं लावणाऱ्यांस आणखी एक गोष्ट सांगतों. १९८५ च्या सप्टेंबरांत वॉशिंग्टनच्या कांहीं प्रतिष्ठित स्त्रियांनीं अशा गाण्यांविरुद्ध ओरड केली आणि प्रकरण अमेरिकेच्या सिनेटच्या समितीपुढें गेलें. तेथें ट्विस्टेड सिस्टर या बँडचा गायक डी स्नायडर साक्षीस आला. वेडेविद्रे लांब केंस, जुनें जॅकेट. सभासदांस वाटलें असेल, हा काय बोलणार? त्यानें खिशांतून घडी केलेला कागद काढून शांतपणें सांगितलें कीं, आपण विवाहित असून तीन वर्षांच्या मुलाचे बाप आहों, आपण दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ घेत नाहीं, आणि आपल्या गीतांवर लादलेले अर्थ गीतांत नाहींत. त्या दिवशीं केंसांवरून माणूस ओळखणारे उघडे पडले. आपल्या सांगलीच्या कचेरींत असा कागद वाचून दाखविण्याची संधि आमच्या मुलांस कोणीं दिली नाहीं, एवढाच फरक.

येथवर आम्ही बचाव केला. आतां उलट फिर्याद करतों. आमच्या समाजाचें सोवळें रंगविलेल्या मुखाविरुद्ध कधींच नव्हतें. तें ठराविक माणसांनीं मुख रंगविण्याविरुद्ध होतें. कृष्णाकांठच्याच रेठरे हरणाक्ष या गांवीं १८६६ सालीं श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जन्मले. यांसच पुढें महाराष्ट्रानें पठ्ठे बापूराव म्हणून ओळखलें. ब्राह्मणकुळांतला हा कवि तमाशांत गेला आणि महार समाजांतल्या पवळाबाईच्या गळ्यांत व पायांत त्यानें आपली कविता ठेविली. लावणी ऐकावयास गर्दी लोटली. पण बापूरावांस ज्ञातीनें दूर लोटलें, आणि १९४५ सालीं ते पुण्यांत हलाखींत वारले. पवळाबाईचें तर नांव घेतांनाही आमच्या सुसंस्कृत घरांत आवाज खालीं येतो. रेठरें आणि नागठाणें यांत अंतर तें किती? एकाच नदीच्या कांठचे दोन पुरुष, एकाच काळांतले, दोघेही शृंगाराचे उपासक. पण पुरुषानें शालू नेसून शृंगार गाइला तेव्हां तें संगीत, आणि स्त्रीनें नऊवारी नेसून तोच शृंगार गाइला तेव्हां तो तमाशा. पहिल्यास पद्मभूषण, दुसरीस कुजबूज! बालगंधर्वांचा १९६४ सालचा पद्मभूषण सर्वथा योग्य होता. आमची तक्रार त्याविषयीं नाहीं. तक्रार या मापाविषयीं आहे. ज्या मापानें एके काळीं पवळाबाईस मोजलें, त्याच मापानें परवां आमच्या भाच्यास मोजलें गेलें. माप सुराचें नव्हतें. आपल्यांतला कोण आणि परका कोण, एवढेंच त्यांत मोजलें जात होतें.

याच मापाचें दुसरें टोंक म्हणजे मेलेल्या कलेची पूजा. संगीत नाटकाची जयंति, पुण्यतिथि, तसबिरी, नाट्यगृहांस नांवें देणें, हें सर्व आम्ही करतों, करावेंही. परंतु बालगंधर्व जिवंतपणीं लोकांस आवडले ते त्यांत कांहीं नवें, कांहीं धाडसाचें, कांहींसें अतिरेकाचें होतें म्हणून. 'मानापमाना'साठीं गोविंदराव टेंब्यांनीं ठुमरीच्या अंगाच्या चाली आणल्या तेव्हां त्याही मराठी रंगभूमीस नव्याच होत्या. पुढें ज्या अनेकांनीं त्यांचें अनुकरण केलें त्यांनीं त्यांच्या हरकती उचलल्या, लाडिक उच्चार उचलले, मान कलती करणें उचललें. भास्करबुवांपुढें बसून केलेली मेहनत उचलली नाहीं. लॉस एंजेलिसच्या नकलाकारांनीं केंस उचलले, तसेंच हें. म्हणून एका पंथाची नक्कल १९९१ त मेली आणि दुसऱ्याची अजून मेली नसली तरी कित्येक गायनस्पर्धांतून मरणपंथास लागलेली दिसते. यावर औषध एकच. नवीन पोरांस जागा द्यावी. त्यांत शंभरांतले नव्वद वाया जातील, दहांकडून कांहीं निघेल. १९०५ सालीं मिरजेच्या थिएटरवाल्यानें मुलाच्या नाकांतली नथ पाहून दार लावलें असतें, तर आज त्या तसबिरीस हार कोणीं घातला असता?

मुलांसही आम्हांस दोन शब्द सांगावयाचे आहेत. कारण एकाच बाजूचे कान उपटणें हा न्याय नव्हे. बाळांनो, काजळ लावण्यास आरसा पुरतो. ताल बसण्यास वर्षें लागतात. लोकांनीं केंसांकडे पाहून हंसावें आणि गाणें ऐकून गप्प व्हावें, असें घडवून आणा. ज्या गीतांत स्त्रीची विटंबना आहे तीं तुमच्या गुरुस्थानीं असलेल्यांचीं असलीं तरी गाऊं नका. गुरूचा दोष घेणें ही गुरुभक्ति नव्हे. आणि परक्या भाषेंतलीं आरोळीवजा गीतें पुष्कळ झालीं. आतां कृष्णाकांठच्या माणसांच्या सुखदुःखाचें कांहीं स्वतः रचा. भाव्यांनीं भागवत मंडळींचा खेळ पाहिला तो कानडी मुलखांतून आलेल्यांचा. पण रचलें तें मराठींत.

तो प्रयोग शेवटीं झाला, हें सांगितल्यावांचून लेख पुरा होणार नाहीं. सांगलीच्या हळदीच्या पेठेंतील एका व्यापाऱ्यानें आपली रिकामी वखार एका संध्याकाळपुरती उघडून दिली. साठसत्तर मुलें-मुली जमल्या. दाराशीं दोन हमाल आणि पोतीं शिवणाऱ्या तीनचार बायका कौतुकानें उभ्या राहिल्या. आवाज इतका होता कीं, आमच्या कानांत दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत भुंगा फिरत होता. गायकाचा सूर वरच्या पट्टींत दोनदां उतरला. ड्रम वाजविणारा मात्र तालाचा पक्का निघाला. आणि एका संथ गीतांत भाच्याच्या गिटारीनें असा कांहीं हळवा सूर धरला कीं, आम्हांस नकळत सारंगीची आठवण झाली. वखारींतल्या फटींत बसलेली हळदीची भुकटी त्या दणक्यानें उडाली, आणि खेळ संपल्यावर बाहेर आलेल्या प्रत्येकाचें तोंड पिवळें झालेलें होतें; गाणाऱ्यांचें, ऐकणाऱ्यांचें, हमालांचें आणि आमचेंही. कोणी कोणास हंसलें नाहीं.

त्या सभागृहाच्या चालकांस, आणि अशा सर्व सभागृहांच्या चालकांस, आमची सूचना साधी आहे. तसबीर जेथें आहे तेथें राहूं द्या. हारही रोज घाला. फक्त अर्जाच्या नमुन्यांतून केंस, पोशाख आणि काजळ यांचा विचार काढून टाका, आणि त्या जागीं दोन प्रश्न छापा: सूर लागतो काय? ताल सांभाळतां काय? खरें उत्तर मिळविण्यास रविवारची एक संध्याकाळ पुरेल.